तिसरं मीटर

१

कानसेन हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ज्याला तानसेन होता येत नसेल त्यानं निदान कानसेन व्हावं, असं लोक गमतीनं म्हणतात. तसंच कुणीतरी त्याला म्हणालं आणि ते चिकटलं. यात थोडी थट्टाही असू शकते, हे तीस वर्षांत त्याच्या डोक्यात शिरलं नाही. तो गाड्यांची इंजिनं कानानं लावायचा. रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं स्वतःच्या कानाशी, डोळे मिटलेले आणि हातात स्क्रू ड्रायव्हर. अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे. मग डोळे उघडून गिऱ्हाइकाकडे असा बघायचा, की त्या बिचाऱ्याला वाटावं, आपण गाडी घेतली हाच मुळात मूर्खपणा झाला.

बरं, काम चोख होतं, हे कबूल करायलाच हवं. पण तोंड! गाडीत कुणी मीटर लावून आला की याचा ओठ वाकडा व्हायचाच. "आंधळ्याला काठी आणि बहिऱ्याला मीटर," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दिवसातून चारदा म्हणायचा आणि चारही वेळा स्वतःच हसायचा.

अशा माणसाच्या नाकावर लिंबू घासायला बाहेरचं कुणी लागलं नाही. पोटची पोरगीच निघाली. खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही. सहा वर्षं ती बापाच्याच गॅरेजमध्ये राबत होती, नखांत तेच काळं तेल, आणि जीभ बापापेक्षा बोटभर लांबच. घाटातल्या शर्यतीत उतरायला यंदा पहिल्यांदा तिला नंबर मिळाला होता. शर्यत रविवारी. गाडी जुनी, बापाच्या नावावरची, पण तिचं इंजिन पोरीनं स्वतःच्या हातांनी बांधलेलं. फक्त हवा आणि पेट्रोलचं प्रमाण लावायचं तेवढं राहिलं होतं.

"बाबा, मीटर बसवा," ती म्हणाली. "नाहीतर मी गाडी मामाकडे नेते."

मामा म्हणजे कानसेनचा मेहुणा. त्याचं मीटरांचं आणि सुट्या भागांचं दुकान होतं. मेहुण्याविषयी कानसेनचं मत एवढंच होतं, की विकतोय त्यातलं एखादं मीटर यानं स्वतःला लावून बघावं, डोक्यात हवा किती आहे ते तरी कळेल. आपली लेक, आपली गाडी, आणि ती लावायला या गड्याकडे न्यायची? त्यापेक्षा कान कापून घेतलेले बरे. तो नाक मुरडत म्हणाला, "आण म्हणावं तुझ्या मामाला. निवडतो एखादं."

२

गुरुवारी सकाळी मेहुणा तीन मीटर घेऊन हजर झाला.

आता मीटर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्ही उगाच माना डोलवत बसाल. एक भाग पेट्रोल नीट जाळायला साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते. गाडी दामटायची असेल तर हवा थोडी कमी, बारा-साडेबारा. सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर बसवतात, तो बाहेर पडणारा धूर हुंगतो आणि मीटरचा काटा आकडा दाखवतो. जोर लावला की काटा खाली, पाय उचलला की वर. इंजिन बंद असेल, पाइपात नुसती हवा असेल, तर काटा थेट वीसच्या खुंटीला जाऊन टेकतो आणि तिथेच पडून राहतो. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

पहिल्या मीटरवर आकड्यांपेक्षा दिवेच जास्त होते. "हे गाडीत लावायचं की वरातीत?" कानसेननं विचारलं. दुसरं मीटर मोबाइलला जोडायचं होतं, तिथे सगळं आलेखात दिसायचं. "म्हणजे गाडी चालवताना रस्ता कुणी बघायचा, तुझ्या आजोबांनी?" मेहुणा हसला. त्याला सवय होती. तिसरं मीटर जुनं, काळ्या पत्र्याचं, पांढऱ्या तबकडीवर साधा काटा. कंपनीचं नाव झिजून गेलेलं.

"हे कुठून उचललंस?"

"कुठल्यातरी गाडीतून काढलेलं आलं, दाजी. गाडी भंगारात गेली. कुठली ते आता आठवत नाही."

"तुला आडनाव विचारलं तरी तू पाकीट काढून बघशील."

तिन्ही मीटरांना एकदमच तोंडावर पाडावं म्हणून कानसेननं पाइपाला ओळीनं आट्यांची तीन तोंडं वेल्ड केली आणि तिन्ही सेन्सर एकाच वेळी बसवले. इंजिन तापलं. जोर वाढवायला त्यानं हातानं थ्रॉटल ओढला. पहिल्या दोघांनी एकमेकांची कॉपी केल्यासारखे तेच आकडे दाखवले, आणि दोघांनीही उशिरा. उशीर व्हायचाच. धूर सेन्सरपर्यंत जाणार, सेन्सरला जाग येणार, मग तो मीटरला सांगणार. "शिळी बातमी," कानसेन म्हणाला. "माझ्या कानाला हे केव्हाच कळलं होतं."

मग त्यानं तिसऱ्याकडे पाहिलं. त्याचा काटा खाली आलेला होता. पुन्हा थ्रॉटल ओढला. ओढताना पाहिलं, तर काटा आधीच खाली. बोट हलायच्या आधी.

"अर्थिंग सैल आहे," तो म्हणाला आणि अर्थिंगची तार आवळली. तरी तेच. बॅटरीची टोकं घासली. तेच. मग त्याला चेव चढला. ओढतो असं मनाशी पक्कं करायचं आणि ऐन वेळी ओढायचंच नाही, असं त्यानं तीनदा केलं. काटा जागचा हलला नाही. जणू त्याला ठाऊकच होतं, हा गडी नुसता आव आणतोय.

शेवटी कानसेन हात मागे घेऊन नुसता उभा राहिला. आणि काटा खाली आला. आता फसलास लेका, तो मनात म्हणाला, मी काही ओढणार नाही. तेवढ्यात मागून येणाऱ्या मेहुण्याचा पाय कॉम्प्रेसरच्या नळीत अडकला, तो येऊन कानसेनवर आदळला, आणि कानसेनचा हात थ्रॉटलवर पडला. इंजिन किंचाळलं.

"सॉरी, दाजी."

कानसेननं नुसतं इंजिन बंद केलं. मेहुण्याला ही गोष्ट जरा चमत्कारिक वाटली, कारण एवढी आयती संधी दाजींनी आजवर कधी सोडली नव्हती.

३

तरीही त्यानं तिसरंच निवडलं. का, असं विचाराल तर हाव, दुसरं काय? शिळी बातमी देणारी मीटरं जगात ढिगानं आहेत. ताजीच्याही पुढची बातमी देणारं एकच, आणि ते आपल्या बाकड्यावर! कारणाच्या भानगडीत तो पडला नाही. सेन्सर जरा जास्तच तिखट असेल, विजेचा काही खेळ असेल, काय वाटेल ते असो. पोरीला मात्र तो तोंड वाकडं करून म्हणाला, "तिन्ही भिकार. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून हे ठेवलं." उरलेली दोन त्यानं मेहुण्याच्या हातात कोंबली, रिकामी झालेली दोन तोंडं बुजवली आणि तिसरं मीटर डॅशबोर्डवर बसवलं.

शुक्रवारी दुपारी पोरगी हेल्मेट आणायला बाहेर गेली होती. वरच्या मजल्यावर बायको झोपली होती. गॅरेजमध्ये पंखा एका पात्याला खाज सुटल्यासारखा टक टक करत फिरत होता, तेवढाच आवाज. मागचे दिवे लागतात का ते बघायला कानसेननं किल्ली अर्धी फिरवली. इंजिन सुरू केलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

काटा वीसच्या खुंटीवरून उठला. हळूच खाली आला आणि साडेतेराच्या आसपास थरथरत उभा राहिला. इंजिन जागेवर घुमत असताना राहतो, अगदी तसा.

कानसेननं खाली उतरून पाइपाला हात लावला. थंडगार. त्यानं कान लावला. इतकी वर्षं ज्या कानाच्या जिवावर त्यानं जगाला मूर्ख ठरवलं, त्या कानाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. तो परत येऊन सीटवर बसला.

काट्यानं दोन झटके दिले. टुक टुक. मग एकदम खाली.

हे दोन झटके कुणाचे ते त्याला सांगायला नको होतं. रेषेवरून गाडी सोडायच्या आधी पोरगी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दोनदा आपटते. गिअर बदलताना तेच, वळणातून बाहेर पडताना तेच. या सवयीवरून त्यानं तिला किती शिव्या घातल्या असतील त्याला गणती नाही. तिनं ती सोडली नाही, आणि खरं म्हणजे त्या सवयीनंच गाडी पळायची, पण हे त्यानं मरेपर्यंत कबूल केलं नसतं.

काटा खाली, गिअर, पुन्हा खाली. मग पाय उचलला, काटा वर. वळण. टुक टुक, खाली. घाट त्याला पाठ होता. चौदा वळणं. तो न ठरवता स्टिअरिंगवर बोटांनी मोजू लागला. दोन. तीन. चौथं आखूड, तिथे ती पाय पुरता उचलतच नाही, आणि काटाही पुरता वर गेला नाही. पाच. सहा आणि सात जोडीची. आठ.

नवव्याला काटा वर गेला, वीसच्या खुंटीला टेकला आणि तिथेच राहिला.

तो वाट पाहत बसला. पंख्याची टक टक चालू होती. नवव्या वळणाला डाव्या अंगाला कठडा नाही, नुसता उतार आहे. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी आठवलं. काटा काही परत खाली आला नाही.

४

आता एखादा शहाणा असता तर हादरून गेला असता. पण हा पडला मेकॅनिक. मेकॅनिकच्या जातीला एक खोड असते. काटा वर अडकला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, एवढंच त्याला कळतं. नवव्या वळणाला पेट्रोल तुटतं, इंजिन बंद पडतं, गाडी उभी राहते. बस्स! एवढीशी गोष्ट, आणि आपण घाबरलो किती, म्हणून तो स्वतःवरच खेकसला आणि कामाला लागला.

पेट्रोलचा पंप नवा बसवला. किल्ली फिरवली. टुक टुक, आठ वळणं, नववं, वीस. कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा जेट मोठा केला. नववं, वीस. शनिवारी सकाळी प्लग बदलले, तारा बदलल्या, कार्ब्युरेटर पुरता उघडून दात घासायच्या ब्रशनं धुतला. नववं, वीस. काय केलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्येक वेळी तोच पाय, तीच घाई, आणि आठव्यातून बाहेर पडताना तोच माज. पोरीला सांगायला हवं की आठव्याला जरा सबुरीनं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग हे आपण कुठल्या शर्यतीबद्दल बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"बाबा, काय चाललंय?" पोरीनं विचारलं. "गाडी काल ठीक होती."

"तुला ठीक वाटत होती. तुला काय, चाकं चार असली की ठीक."

ती पाय आपटत जिना चढून गेली.

मग त्यानं टाकी रिकामी केली. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढून खिशात टाकला. आता या गाडीत ना पेट्रोल, ना ठिणगी. तरी किल्ली फिरवल्यावर काटा उठला. शेवटी त्यानं सेन्सरच पाइपातून काढला आणि लांब वायरीनं ओढून बाकड्यावरच्या शिकंज्यात पकडून ठेवला. सेन्सरचं टोक उघड्या हवेत. त्याच्या समोर खिळ्यांचे डबे, जुना पुसणा आणि काचेचा अर्धा ग्लास पाणी. एवढ्यात काय हुंगणार होता तो?

टुक टुक. आठ वळणं. नववं. वीस.

या खेपेला तो मीटरजवळ तोंड नेऊन बसला होता, म्हणून त्याला पुढचं दिसलं. आजवर तो काटा खुंटीला लागला की चिडून किल्ली काढत होता. आज काढली नाही. खुंटीला लागलेला काटा अगदीच मेला नव्हता. केसभर खाली येत होता आणि पुन्हा वर जात होता. केसभर खाली. पुन्हा वर. मध्ये सारखंच अंतर, सावकाश.

वाऱ्यानं होत असेल, तो मनाशी म्हणाला. पंखा बंद केला. टक टक थांबली. काटा थांबला नाही.

असा काटा त्यानं एकदाच पाहिला होता. परवाच, पाइपात बसवण्याआधी सेन्सर साफ करताना त्यानं त्याच्यावर तोंडानं फुंकर मारली होती तेव्हा. माणसानं वापरून सोडलेली हवा. ती लागली की काटा एवढासाच उतरतो.

नवव्या वळणाखाली, फुटलेल्या पाइपाच्या तोंडाशी कुणीतरी श्वास घेत होतं.

तो मोजत राहिला. पंधरापर्यंत अंतर सारखं होतं. मग वाढत गेलं. एकोणीस मोजले आणि विसाव्या श्वासासाठी तो थांबला. बराच वेळ थांबला. वरून पोरीच्या गाण्याचा आवाज येत होता, बेसूर, कारण कानसेनची पोरगी असली म्हणून काही सूर वारसानं येत नाहीत. तो ऐकत तिथेच बसून राहिला आणि त्याच्या लक्षातही आलं नाही की आपले दोन्ही हात तोंडावर गच्च दाबलेले आहेत.

५

"उद्या शर्यतीला जाऊ नकोस," त्यानं पोरीला सांगितलं.

"का?"

आता बोला! तीस वर्षं ज्या माणसानं मीटर लावणाऱ्याला बहिरा म्हटलं, त्यानं काय उत्तर द्यायचं? त्यानं एकदा छताकडे पाहिलं, एकदा बुटांकडे.

"मीटर म्हणतंय."

पोरगी आधी नुसती बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की टायरावर बसकण मारावी लागली. "तुम्ही? बाबा, तुम्ही? मामाला फोन करून सांगते, त्याला खरं वाटणार नाही."

"हसू नकोस. इकडे ये. बघ." त्यानं किल्ली फिरवली.

काटा वीसच्या खुंटीला साळसूदपणे पडून राहिला. दोघं पाच मिनिटं बघत बसली. किती पुढचं दाखवायचं आणि कुणाला दाखवायचं, हे त्या मेल्याच्या मर्जीवर होतं.

"नववं वळण," तो म्हणाला. "तिथे..."

"नववं मी शंभरदा घेतलंय." ती उठली. आता ती हसत नव्हती. "बाबा, मला एक कळलंय. मी हरेन याची तुम्हाला भीती नाही. मी जिंकेन आणि लोक म्हणतील मीटरनं जिंकली, याची तुम्हाला लाज वाटते."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"रोटर कुठंय?"

त्याचा हात खिशावर गेला.

"नका देऊ. मामाकडून आणते. गाडीही नका देऊ, मामाची घेऊन जाईन. पण जाणार."

ती खरंच मामाकडे गेली. आणि जे मूल बापाचा हट्ट घेऊन जन्माला येतं, त्याला बापानं काय अडवायचं? तो एकटाच गाडीशी राहिला.

६

दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि पत्रा मधूनच कडकड वाजत होता. कानसेन ड्रायव्हरच्या सीटवर बसून मीटरला शिव्या देत होता. भंगारातलं भंगार. बेवारशी. पत्र्याचा डबा. मग त्याला एक विचार सुचला, आणि तो सुचल्याबद्दल त्यानं स्वतःलाही एक शिवी दिली. हे कार्टं आपल्या मनातलं ओळखतं ना? आव ओळखतं, खरं ओळखतं. मग एकेक गोष्ट खरोखर ठरवून बघू.

त्यानं ठरवलं, नाव काढून घ्यायचं. गाडी माझ्या नावावर आहे, मी सही करत नाही. अगदी मनापासून ठरवलं. काटा उठला. टुक टुक. तिचाच पाय. नववं.

त्यानं ठरवलं, खोलीला कुलूप घालायचं. टुक टुक. नववं. खिडकीतून उतरेल, हे त्यालाही ठाऊक होतंच.

त्यानं मोठा हातोडा उचलला. गाडीच फोडायची. पोरीनं सहा महिने घालून बांधलेलं इंजिन समोर होतं, एकेक नट पुसून बसवलेला. त्यानं हातोडा डोक्याच्या वर नेला आणि मान वळवून काचेतून आत पाहिलं. टुक टुक. म्हणजे मामाची गाडी, आणि हेच मीटर त्यात. त्यानं हातोडा खाली ठेवला. हळूच ठेवला, आवाज होऊ न देता, झोपलेल्या माणसाजवळ ठेवावा तसा.

मग बराच वेळ त्यानं काहीच ठरवलं नाही. शेवटी एक गोष्ट उरली होती. ती पहिल्यापासून समोरच होती आणि तो तिच्याकडे बघायचं टाळत होता, हे सांगायला काही लाज नाही. त्यालाही जीव प्यारा होताच की.

त्यानं ती ठरवली.

काटा उठला. साडेतेरावर थरथरला. झटके नाहीत. एकदम खाली गेला, धपकन. गिअर उशिरा पडला. पहिल्या वळणाला पाय फार आधी उचलला, दुसऱ्याला फार नंतर. कानसेनच्या कपाळाला आठ्या पडल्या. कोण हा गबाळा? हवा भरायच्या पायपंपाचं पेडल दाबावं तसा पाय दाबतोय. याला घाटात सोडलं कुणी? असल्या माणसाला तर हातगाडीसुद्धा...

आणि त्याला पाय ओळखू आला.

तो स्वतःच्या उजव्या बुटाकडे बघत राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या ऐकल्या, स्वतः कसा चालवतो ते कधी ऐकलंच नव्हतं. काटा धापा टाकत सहा, सात, आठ करत गेला. नवव्याला वर चढला आणि खुंटीला टेकला.

पुढचं बघायला तो थांबला नाही. किल्ली काढून खिशात टाकली. मग रोटर परत बसवला, टाकी भरली, सेन्सर पाइपात आवळला. पोरीला आठव्याला लागतं तसं मिश्रण लावून ठेवलेलं होतं, ते थोडं बदललं. जड पायाला जरा वेगळं लागतं. हे काम मात्र त्यानं डोळे मिटून, नळी कानाला लावून केलं.

७

रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली होती. पोरगी हेल्मेट घालून आत बसली होती, पट्टे आवळलेले. रोटर आणि पेट्रोल दोन्ही जागेवर बघून तिला वाटलं होतं, बाप वरमला. तिनं काच खाली केली आणि हसून बोटानं दोनदा दारावर वाजवलं.

"उतर," कानसेन म्हणाला.

"काय?"

"उतर. मी चालवतो. गाडी माझी आहे. नंबरवाल्याकडे नाव बदलून आलोय."

तिला वाटलं, चेष्टा आहे. मग तिनं त्याच्या हातातला कागद पाहिला. "बाबा, का?"

इथे त्याला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगितलं असतं तर ती हसली असती आणि बसून राहिली असती. तिला उठवायचं तर एकच अवजार त्याच्याजवळ होतं. ते त्यानं तीस वर्षं घासूनपुसून धारदार ठेवलं होतं. आजूबाजूला चार माणसं उभी होती, मेहुणाही होता. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"कारण तुला गाडी चालवता येत नाही. सहा वर्षं शिकवलं, दगडाला शिकवलं असतं तर तो चालला असता. तुझ्या हाती ही गाडी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. माझी लाज जाईल."

मेहुणा म्हणाला, "दाजी, अहो..."

"तू गप."

पोरीनं पट्टे सोडले. हेल्मेट काढलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती रडली नाही. कुणाची मुलगी होती! ती उतरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुमच्या गॅरेजात पुन्हा पाऊल टाकणार नाही," ती म्हणाली. "तुमचं तोंड बघणार नाही."

"नको बघूस."

इतकं निवांत त्याला गेल्या तीन दिवसांत वाटलं नव्हतं. त्यानं तिचं हेल्मेट घेतलं. त्याला ते घट्ट होत होतं. आत तिच्या केसांच्या तेलाचा वास होता.

गाडी रेषेवर आणली. इंजिन सुरेख वाजत होतं, काय वाजत होतं! असं इंजिन त्याच्या हातून कधी बांधून झालं नव्हतं, आणि हे तिला एकदा तरी सांगायला हवं होतं. त्यानं आरशात पाहिलं. ती मामाच्या शेजारी उभी होती, पण पाठ फिरवून. मामा तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी समजावत होता.

झेंडा वर गेला. इंजिन घुमत होतं, म्हणजे काटा साडेतेराला हवा. तो वीसच्या खुंटीला होता. केसभर खाली आला. पुन्हा वर गेला. केसभर खाली.

एक, दोन, तीन...

"गप रे, खोटारड्या," कानसेन म्हणाला आणि किती आहेत ते मोजून व्हायच्या आत त्यानं पाय दाबला.